व्हाइटफील्डची घरपट्टी: भरतो घरमालक, पण हिशेब भाडेकरूलाही यायला हवा

(या लेखातील माहिती डिसेंबर 2025 अखेरपर्यंतची आहे.)

तुम्ही व्हाइटफील्ड, काडुगोडी, हगदूर, वर्तूर किंवा हूडी भागात भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर घरपट्टीशी आपला काय संबंध, असे तुम्हाला वाटत असेल. घर मालकाचे, पावती त्याच्या नावाची, पैसे तोच भरतो. तरीही मोफत विजेची योजना तुम्हाला मिळते की नाही, तुमचे बीपीएल कार्ड टिकते की नाही, भाडे किती वाढते, या तिन्ही गोष्टींचा धागा कुठेतरी घरपट्टीच्या नोंदीपर्यंत जातो. गेल्या दीड वर्षात बेंगळुरूमध्ये ही नोंद ठेवण्याची पद्धत बदलली आणि ती ठेवणारी महापालिकाही बदलली. त्याचा तुमच्यावर काय परिणाम होतो, ते या लेखात पाहू.

आधी नगरसभा, मग बीबीएमपी, आता पूर्व महानगरपालिका

व्हाइटफील्डची वस्ती 1882 मध्ये वसली. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ती वसवण्यात आली आणि डेव्हिड व्हाइट यांच्यावरून तिला नाव मिळाले. शंभर वर्षे ते शहराबाहेरचे गावच होते. 1990 च्या दशकात आयटी पार्क आला आणि आजूबाजूच्या शेतजमिनींवर इमारती उभ्या राहू लागल्या. हा भाग तेव्हा बेंगळुरू महापालिकेत नव्हता. आधी ग्रामपंचायती आणि नंतर महादेवपुरा नगरसभा असा त्याचा कारभार चालला.

2007 मध्ये जुनी महापालिका, सात नगरसभा, एक पुरसभा आणि 110 गावे एकत्र करून बीबीएमपी तयार झाली. महादेवपुरा त्या सातांपैकी एक. त्यानंतर अठरा वर्षांनी पुन्हा बदल झाला. ग्रेटर बेंगळुरू कारभार कायदा 15 मे 2025 पासून लागू झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये बीबीएमपीच्या जागी पाच महानगरपालिका आल्या: मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. या पाचांच्या वर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण, म्हणजे जीबीए आहे आणि त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. महादेवपुरा आणि के. आर. पुरम या दोन विधानसभा मतदारसंघांचा भाग आता बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेत आहे. व्हाइटफील्ड त्यातच येते. पाचही पालिकांचे मिळून 369 वॉर्ड आहेत, त्यांपैकी 50 पूर्व पालिकेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आज तुम्ही राहता त्या इमारतीचे कागद यांपैकी कोणत्याही काळातले असू शकतात. एखाद्याकडे पंचायतीचा उतारा असतो, एखाद्याकडे नगरसभेची पावती, तर एखाद्याकडे बीबीएमपीचा क्रमांक. शेतजमीन रीतसर बिगरशेती न करता पाडलेले प्लॉट या भागात बरेच आहेत. कागदाचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

‘खाता’ म्हणजे बँकेचे खाते नव्हे

‘या घराला खाता नाही’ किंवा ‘हा बी-खाता आहे’ असे घरमालक किंवा दलाल म्हणतो, तेव्हा मराठी माणसाला आधी बँकेचे खाते आठवते. इथे खाता म्हणजे महापालिकेच्या कर नोंदवहीतली त्या मालमत्तेची नोंद. आपल्याकडे गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो, त्याच्या जवळचा हा प्रकार आहे. कर कोणी भरायचा हे त्यावरून कळते. मालकी सिद्ध होते ती खरेदीखतावरून. खाता म्हणजे मालकीचा दाखला नव्हे.

ज्या मालमत्तेचे कागद नियमानुसार आहेत तिला ए-खाता मिळतो. बिगरशेती परवानगी किंवा मंजूर आराखडा नसलेल्या मालमत्तेची नोंद वेगळ्या वहीत होते. तोच बी-खाता. बी-खातेदारही घरपट्टी भरतो. मात्र बांधकाम परवाना आणि बँकेचे कर्ज मिळवताना त्याला अडचण येते.

ऑक्टोबर 2024 पासून बेंगळुरूमध्ये मालमत्तेच्या खरेदी-विक्रीची नोंदणी करायची तर ई-खाता लागतो. ई-खात्यासाठी मालकाला आधार, खरेदीखताचा क्रमांक, घरपट्टीचा क्रमांक, इमारतीचा फोटो, जागेचे नकाशावरील ठिकाण आणि बेस्कॉमच्या वीजजोडणीचा क्रमांक द्यावा लागतो. म्हणजे घर, मालक आणि मीटर या तीन गोष्टी पहिल्यांदाच एका संगणकीय नोंदीत एकत्र आल्या. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

नोव्हेंबर 2025 पासून बी-खात्याच्या भूखंडांना ए-खाता देण्याची ऑनलाइन सोय सुरू झाली आहे. पहिल्या 100 दिवसांत अर्ज करणाऱ्याला सरकारी बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम भरायची आहे. समजा, भूखंडाचे सरकारी मूल्य 40 लाख रुपये आहे, तर शुल्क 2 लाख. तुमच्या घरमालकाने हे पैसे भरले, तर येत्या वर्षात तो भाडे वाढवायला बघेल. ते त्याने वाढवावे की नाही, हा तुमच्या दोघांमधला व्यवहार. पण त्याने सांगितलेले कारण खरे आहे का, हे ओळखता आले तर तुम्ही बोलू शकता.

घरपट्टी कशी मोजतात

बेंगळुरूमध्ये मालक स्वतः आपली घरपट्टी मोजून जाहीर करतो. ही स्वयंमूल्यांकन पद्धत 2000 पासून आहे. 2008 पासून तिला क्षेत्रफळाचा आधार आहे. शहराचे जागेच्या सरकारी मूल्यानुसार ए ते एफ असे सहा विभाग केलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला दर चौरस फुटाचा दर ठरवून दिला आहे. मालक स्वतः राहत असेल तर एक दर, घर भाड्याने दिले असेल तर साधारण त्याच्या दुप्पट. दुकान किंवा व्यवसायासाठी वेगळा, आणखी जास्त दर.

एक उदाहरण घेऊ. यातला दर आणि घसारा समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष आकडा तुमच्या विभागाप्रमाणे बदलेल.

घर 600 चौरस फूट. मालक स्वतः राहतो, दर 2 रुपये धरू.
600 × 2 × 10 महिने = 12,000 रुपये.
इमारत जुनी म्हणून 10 टक्के घसारा वजा = 10,800.
त्याच्या 20 टक्के कर = 2,160.
त्यावर आरोग्य, ग्रंथालय वगैरे उपकर, साधारण पाव हिस्सा = 540.
एकूण 2,700 रुपये वर्षाला.

तेच घर भाड्याने दिले तर दर 4 रुपये धरायचा. मग एकूण होतात 5,400 रुपये. फरक वर्षाला 2,700 रुपये, म्हणजे महिन्याला 225.

याशिवाय एप्रिल 2025 पासून घरपट्टीबरोबर कचरा शुल्क घेतले जाते. राहत्या घरासाठी 600 चौरस फुटांपर्यंत महिन्याला 10 रुपये, 1,000 पर्यंत 50 आणि 2,000 पर्यंत 100 रुपये.

आता कोणी ‘कर वाढला, कचऱ्याचे पैसे वाढले’ असे म्हणून महिन्याला हजार रुपये भाडे वाढवून मागितले, तर हा हिशेब कागदावर मांडा. घरपट्टीचा वाटा किती आणि व्हाइटफील्डला मेट्रो आली म्हणून वाढलेल्या मागणीचा वाटा किती, हे लगेच वेगळे दिसते. बहुतेक वेळा घरपट्टीचा वाटा लहान असतो. भाडेवाढीचे खरे कारण बाजार असते.

मोफत विजेची गाठ इथे पडते

गृहज्योती योजनेत घरगुती मीटरला महिन्याला 200 युनिटपर्यंत मोफत वीज मिळू शकते. 2022-23 मधला तुमच्या मीटरचा सरासरी वापर आणि त्यावर 10 टक्के, एवढी तुमची हक्काची मर्यादा. त्याहून जास्त, पण 200 च्या आत वापर झाला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले तर पूर्ण बिल. भाडेकरूला ही योजना मिळते. मीटरचा क्रमांक आणि तुमचे आधार जोडायचे आणि तुम्ही तिथे राहता याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा त्या पत्त्याचे ओळखपत्र द्यायचे.

अडचण इथेच येते. अनेक घरमालक करार लिहून द्यायला तयार नसतात. त्यामागचे एक कारण वरच्या हिशेबात आहे. ज्या मालकाने घरपट्टीत ‘स्वतः राहतो’ असे जाहीर केले आहे, त्याला लेखी करार म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा वाटतो. पुढे तपासणीत चूक निघाली तर फरक, दंड आणि व्याज भरावे लागते. म्हणून तो तोंडी व्यवहार करतो आणि योजना तुमच्या हातून जाते.

अशा मालकाशी बोलताना आकडे कामाला येतात. 80 युनिटचे बिल आजच्या दराने पाचशे रुपयांच्या वर जाते. घर भाड्याचे म्हणून जाहीर केल्यास आपल्या उदाहरणात महिन्याला 225 रुपये जास्त लागतात. तेवढे भाड्यात धरले तरी तुमचा फायदा राहतो, मालकाचे कागद सरळ होतात आणि दंडाची टांगती तलवार जाते. आता मीटरचा क्रमांक ई-खात्यात आल्यामुळे ‘स्वतः राहतो’ ही नोंद आणि दुसऱ्याच्या आधारला जोडलेला मीटर यांतली विसंगती दिसून येणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. हे मालकालाही समजावून सांगता येईल. शब्द मात्र ‘अण्णा, तुमचाच त्रास वाचेल’ असे ठेवा. धमकीच्या सुरात बोललात तर खोली सोडायची वेळ येईल.

दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली: मालकाने आठ खोल्यांसाठी स्वतः बसवलेल्या उपमीटरला योजना लागू होत नाही, कारण ती बेस्कॉमच्या जोडणी क्रमांकामागे आहे. स्वतंत्र जोडणी नसेल तर लाभही नाही. दुसरी: खोली सोडताना जुन्या मीटरवरून तुमचे आधार काढून घ्यायला विसरू नका. ती सोय 2024 पासून आहे. ते केले नाही तर नव्या मीटरला आधार जोडताना अडते.

स्वतंत्र मीटर मागितला तर मालक ‘मिळत नाही’ म्हणेल आणि ते खरेही असू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 डिसेंबर 2024 च्या निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींना नवी वीजजोडणी अडली. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने 1,200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील लहान राहत्या इमारतींना या अटीतून सूट दिली. तळमजला आणि वर दोन मजले, किंवा खाली वाहनतळ आणि वर तीन मजले, एवढ्यापर्यंत ही सूट आहे. तुमची इमारत त्यात बसत असेल तर मालकाला हे दाखवा. चार-पाच मजल्यांच्या भाड्याच्या इमारतीला मात्र ही सूट नाही.

बीपीएल, गृहलक्ष्मी आणि घर

‘घरपट्टीची पावती माझ्या नावावर आली तर गृहलक्ष्मीचे दोन हजार बंद होतील का?’ ज्यांनी इकडे छोटे घर घेतले आहे, त्यांना ही भीती असते. उत्तर: नाही. ती बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल, तर गृहलक्ष्मी मिळत नाही. घरपट्टी हा महापालिकेचा कर आहे, आयकर नव्हे. दोन्हींना ‘टॅक्स’ म्हणतात, त्यामुळे गैरसमज होतो.

बीपीएल कार्डाचे मात्र तसे नाही. कर्नाटकात शहरी भागात 1,000 चौरस फुटांपेक्षा मोठे स्वतःचे पक्के घर असेल तर बीपीएल कार्डाला अपात्र ठरता येते. म्हणून घरपट्टीत लिहिलेले क्षेत्रफळ महत्त्वाचे. काही ठिकाणी मालकाने किंवा दलालाने अंदाजे आकडा भरलेला असतो, काही ठिकाणी दोन भावांचे मजले एकाच नोंदीत असतात. घर 850 चौरस फुटांचे आणि नोंद 1,100 ची असेल, तर ती आजच दुरुस्त करून घ्या. कार्ड रद्द झाल्यावर धावण्यापेक्षा हे सोपे आहे.

गृहलक्ष्मीसाठी कर्नाटकचे रेशन कार्ड लागते आणि त्यावर बाईचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून असावे लागते. तुमचे कार्ड लातूरचे किंवा सोलापूरचे असेल तर ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत केंद्राचे धान्य व्हाइटफील्डच्या दुकानात मिळते, पण कर्नाटक सरकारच्या योजना त्या कार्डावर मिळत नाहीत. कार्ड इकडे आणायचे तर आधी गावाकडचे नाव कमी करावे लागते. ते केले की महाराष्ट्रातल्या ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांवरचा दावाही सोडावा लागतो. दोन्हीकडे नाव ठेवणे नियमात बसत नाही. कुटुंब पुढची पाच-सात वर्षे कुठे राहणार आहे, ते आधी ठरवा.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्येही घराची नोंद आडवी येते. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधायला 2.5 लाखांपर्यंत मदत आहे. पण भारतात कुठेही, म्हणजे गावाकडेही, तुमच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर पक्के घर असेल तर अर्ज बाद होतो. आई-वडिलांचे घर त्यांच्याच नावावर असेल आणि तुमचे कुटुंब वेगळे असेल तर प्रश्न नाही. अर्जाआधी गावचा नमुना 8 काढून नाव कोणाचे आहे ते पाहा.

हातगाडी, भाजी किंवा चहाचा धंदा करणाऱ्यांनाही महापालिकेची नोंद लागते. पीएम स्वनिधी योजनेत आता पहिले कर्ज 15,000, दुसरे 25,000 आणि तिसरे 50,000 रुपयांपर्यंत मिळते. त्यासाठी विक्रेता प्रमाणपत्र किंवा महापालिकेचे शिफारसपत्र हवे. तुमचे जुने ओळखपत्र बीबीएमपीच्या नावाचे असेल तर ते जपून ठेवा. पालिकेचे नाव बदलले तरी तुम्ही आधीपासून धंदा करता याचा तो पुरावा आहे.

पैसा इथलाच, विचारणारा कोण?

बेंगळुरूने 2024-25 मध्ये सुमारे 4,900 कोटी रुपयांची घरपट्टी गोळा केली. आयटी पार्क, मॉल आणि मोठमोठी गृहसंकुले यांमुळे महादेवपुरा विभाग वसुलीत नेहमीच पुढे असतो. तो पैसा आतापर्यंत सगळ्या शहराच्या एकाच तिजोरीत जात होता. आता पूर्व महानगरपालिकेचे खाते आणि अंदाजपत्रक स्वतंत्र असेल. म्हणजे इथल्या घरपट्टीतून इथलेच रस्ते, गटारे, पाणी आणि दवाखाने व्हायला हवेत. काडुगोडीच्या वस्तीतल्या भाडेकरूनेही भाड्यातून या तिजोरीत भर घातलेली आहे.

पण अंदाजपत्रकावर चर्चा करणारे नगरसेवकच आज नाहीत. बीबीएमपीची शेवटची निवडणूक 2015 मध्ये झाली आणि निवडलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे आहे. नव्या पाच पालिकांच्या निवडणुकाही अजून झालेल्या नाहीत. राज्यघटनेच्या कलम 243 यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. महाराष्ट्रातही बहुतेक महापालिकांनी 2022 पासून असाच प्रशासकीय काळ पाहिला आहे, त्यामुळे हे चित्र तुम्हाला नवे नसेल.

याचा परिणाम मोठ्या संकुलांवर कमी होतो. त्यांच्याकडे रहिवासी संघ असतो, पत्र लिहिणारा असतो, आयुक्तांची भेट मिळते. नगरसेवकाच्या दारात जाऊन ‘साहेब, आमच्या गल्लीत दिवा नाही’ असे सांगण्यापलीकडे ज्याच्याकडे मार्ग नसतो, त्याचे नुकसान जास्त होते. म्हणून येणाऱ्या निवडणुकीत तुमचे नाव इथल्या मतदार यादीत असणे हा योजनेइतकाच कामाचा कागद आहे. गावचे नाव तसेच ठेवून इथे दुसरे नाव घालता येत नाही. पत्ता बदलण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यालाही भाडेकरार चालतो.

आता काय करायचे

1. मालकाकडून चालू वर्षाच्या घरपट्टी पावतीची झेरॉक्स मागा. निदान मालमत्तेचा क्रमांक आणि वॉर्ड लिहून घ्या.
2. भाडेकरार लेखी करा. त्यात खोलीचे चौरस फूट आणि मीटरचा क्रमांक लिहा.
3. वीजबिलावरचा क्रमांक आणि गृहज्योतीत जोडलेला क्रमांक एकच आहे का, ते सेवा सिंधू पोर्टलवर किंवा बेंगळुरू वन केंद्रात तपासा.
4. स्वतःचे घर असेल तर क्षेत्रफळ आणि वापराची नोंद पाहा. पूर्ण वर्षाची घरपट्टी एप्रिलमध्येच भरली तर 5 टक्के सूट मिळते.
5. तक्रार तोंडी सोडू नका. महापालिकेच्या कामासाठी 1533, विजेसाठी 1912 आणि राज्याच्या योजनांसाठी 1902 वर फोन करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.
6. कन्नड येत नसेल तर चार शब्द पाठ करा: मने म्हणजे घर, बाडिगे म्हणजे भाडे, तेरिगे म्हणजे कर, अर्जी म्हणजे आपला अर्जच. खिडकीवर एवढ्यावर बोलणे सुरू होते.

ई-खाता तयार करताना मालक पोर्टलवर जे भरेल, तेच पुढची अनेक वर्षे खरे धरले जाईल. त्यात तुमच्या खोलीचा आणि मीटरचा उल्लेख बरोबर आहे का, हे विचारायची वेळ आत्ताची आहे. पुढच्या वेळी भाडे द्यायला जाल तेव्हा पावतीची झेरॉक्स मागून घ्या.